बानं उकरून ठेवलेली माती

१९७६ साल होतं, मी एकोणीस वर्षांचा, कुस्त्या खेळायला नांदेडला निघालो होतो. चाकूरच्या स्टँडावर नांदेडची यष्टी लागली होती आणि बा खिडकीखाली उभा होता. नखांत तालमीची तांबडी माती. आमची जमीन काळी, म्हणून तांबडी माती त्यानं लांबून बैलगाडीनं आणली, मारुतीच्या मागं कुस्तीचा हौदा केला, तेल, हळद, ताक घालून ती मुरवली. अशी माती रोज उकरावी लागते. न्हाई तर दगड होते आणि पडणाऱ्याचं हाड मोडतं. गाडी हलली तसं बा म्हणाला, "पाठ लागली तर लाजायचं न्हाई. उठायचं अन् घरी यायचं. माती मी उकरून ठेवतो."

नांदेडात मी नाव काढलं, खोटं कशाला बोलू. खांद्यावर गदा घेऊन माझी मिरवणूक निघाली. मग एका फडात गुडघा निखळला, पाठ लागली, आणि कुस्ती संपली. पण ज्या गावानं हलगी वाजवून निरोप दिला, तिथं लंगडत जायचं? न्हाई गेलो. लई वर्षं मला त्यात चूक दिसली न्हाई. बा गेला तेव्हा मातीला गेलो आणि त्याच गाडीनं परत आलो. तालमीकडं मान वळवली न्हाई.

गोदावरीच्या घाटावर एका महाराजांनी गळ्यात माळ घातली, एक दिवस हातात माईक दिला. आता माझ्यासारखे लई झालेत. अंगातलं बळ सरलं की देवाचं नाव घेऊन दुसऱ्याला उभं करायचं. पोरं त्याला मोटिव्हेशन म्हणतात. मी चौथी शिकलेला माणूस, लातूरच्या क्लासवाल्या पोरांपुढं बोलून राहिलो. माझं एक वाक्य मोबाईलवर फिरतंय: "देव ज्याला चीत करतो, त्याला आभाळ दाखवतो." टाळ्या तिथंच पडतात.

औंदा गावानं सप्त्याला बोलावलं. मारुतीच्या मागं गेलो तर हौद्याच्या जागी फरशीचं स्टेज, वर माझ्या नावाची पाटी.

"तालीम कुठाय?"

"हीच की, महाराज," सरपंच म्हणाला. चांगलं पोरगं हाय, तोंडभर हसत होतं. "तुम्ही येणार म्हणून भरून घेतली. पोरं समदी लातूरला, माती कुणाला लागते? तुमची कायमची आठवण झाली."

त्याच्यावर चिडू तरी कसा? माझ्या मानासाठीच केलं होतं.

माझा थोरला भाऊ आण्णा पुढंच बसला होता. "चढ पैलवान," म्हणाला. "ह्याच्यावर लंगोट लागत न्हाई." माणसं हसली. मी चढलो, सवयीनं वाकलो, कपाळाला माती लावायला हात खाली नेला. बोटांना गार फरशी लागली. मग ते टाळ्यांचं वाक्य तोंडाशी आलं आणि तिथंच बसलं. देवाचं नाव घेतलं अन् उतरलो. लोकांना वाटलं, महाराजाची तब्येत बरी न्हाई.

दिवस कलताना आण्णानं मला गोठ्यामागं नेलं. एक पत्रा बाजूला केला. खाली तांबडी माती, मऊ, तेलाचा वास अजून तसाच.

"बानं मरेस्तोवर उकरली," आण्णा म्हणाला. "रोज म्हणायचा, आज येईल. मग मी उकरली. ह्यांनी जेसीबी आणला तसं इकडं वढून आणली."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला? बाचा शब्द हाय."

 

गावातून गेलेल्यांनो आणि मागं राहिलेल्यांनो, नांदेडला माझं दोन मजली घर हाय, अंगणात तुळस हाय. पण घर म्हणजे आपण पडू म्हणून कुणीतरी मऊ करून ठेवलेली जागा. ती माझ्यापाशी सगळा जन्म होती आणि मी फरशीवर उभा राहून लोकांना पडायचं कसं ते शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरला कार्यक्रम होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला. मी गोठ्यामागं गेलो, आण्णाच्या हातातलं खोरं घेतलं. गुडघा वाकेना. तेव्हा पाय पसरून मातीतच बसलो, आणि बसून उकरली.