मोऱ्याला जाणारी गाडी

प्रातःसंध्या आटोपून मी वाईहून मुंबईकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलो, तेव्हा कृष्णेच्या घाटावरचे धुके अजून विरले नव्हते. पिशवीत पळी-पंचपात्र, अक्षता, पंचांग आणि पत्नीने बांधून दिलेल्या दशम्या होत्या. मनात मात्र पन्नास वर्षांच्या अध्यापनात कधी वाट्याला न आलेली चिंता होती. पनवेलजवळच्या गव्हाणच्या हरेशने मला दोन विजेच्या गाड्यांतून एक निवडून देण्यासाठी बोलावले होते. "गुरुजी, एक आलिशान आहे, एक साधी. दोन्ही मनात भरल्यात. तुम्ही सांगाल ती घेतो," असे तो फोनवर म्हणाला होता. मला व्याकरण थोडेफार कळते. सायकल मात्र आजतागायत नीट चालवता आलेली नाही.

या विश्वासामागे जुना ऋणानुबंध आहे. हरेशचे वडील मिठागरातले मीठ ट्रकने घाटावर आणीत. एकदा त्यांचा ट्रक वाईत बिघडला आणि तीन दिवस ते आमच्या पाठशाळेच्या ओसरीवर राहिले. पुढे त्यांनी नवा ट्रक घेतला, तेव्हा पूजेसाठी मला आग्रहाने नेले. तेव्हापासून त्या घरात प्रघातच पडला. नवे वाहन दुकानातून निघताना मला आत बसवायचे, घरच्या बायकांनी त्याला दारात ओवाळायचे आणि मग मी पूजा सांगायची. वडील गेले, मिठागरांच्या जागी इमारती आल्या, हरेश त्या इमारतींना विटा आणि सिमेंट पुरवू लागला. प्रघात तेवढा टिकला.

खंडाळ्याचा घाट उतरताच खिडकीतून येणारा वारा दमट झाला आणि अंगावरची शाल जड वाटू लागली. पनवेलच्या स्थानकावर हरेश उभाच होता. वाकून नमस्कार करून त्याने माझी पिशवी आपल्या जुन्या जीपमध्ये ठेवली. मागच्या बाजूला प्लॅस्टिकचे एक स्टूल पडले होते. मी विचारले, "हे कशाला?"

"आयेसाठी (आईसाठी). चढायला. पण आता गुडघे इतके धरलेत की स्टुलावरही पाय टाकत नाही." थोडे थांबून तो म्हणाला, "उरणजवळ मोऱ्याला तिची मोठी बहीण असते, जेट्टीच्या जवळ. तीही घराबाहेर पडत नाही. दिवाळीपासून दोघींची भेट नाही. उचलून बसवतो म्हटलं तर मला शिव्या घालते."

"मग नवी गाडी त्याचसाठी?"

"तिच्यासाठीच तर घेतोय, गुरुजी!" असे म्हणून त्याच श्वासात तो आलिशान गाडीच्या काचेच्या छताचे वर्णन करू लागला.

पनवेलमध्ये एकाच मालकाची दोन दालने शेजारी शेजारी होती. एकात आलिशान गाड्या, दुसऱ्यात सर्वसामान्यांच्या. दोन्हीकडचे काम पाहणारी नसीम नावाची चुणचुणीत तरुणी आमच्यासोबत आली. "सर, आधी प्रीमियम बघू या. ती बघितल्यावर बाकीचं नजरेतच येत नाही, पण आपण बघू," ती हसत म्हणाली. मी गाडीजवळ जाताच दाराची मूठ आपोआप बाहेर आली. मी दचकून दोन पावले मागे सरलो. "घाबरू नका आजोबा, सलाम करते ती तुम्हाला!" नसीम म्हणाली.

आम्ही गोवा महामार्गाने कर्नाळ्यापर्यंत जाऊन आलो. असत्य कशाला लिहू, ते वाहन अद्भुत होते. आसन पाठ चेपून देत होते. इंजिनाचा आवाज नसल्याने मी मनातल्या मनात स्तोत्र म्हणू लागलो, ते एका अक्षराचाही व्यत्यय न येता पूर्ण झाले. कर्नाळ्याचा सुळका हिरव्या डोंगरावर अंगठ्यासारखा उभा होता. तिथे क्षणभर थांबलो तेव्हा झाडीतून पक्ष्यांचे बोलणे बंद काचेतूनही ऐकू आले. "काय गुरुजी?" हरेशने विचारले. त्याच्या चेहऱ्यावर मुंज झालेल्या बटूचा आनंद होता. मी एवढेच म्हणालो, "दुसरी पाहिल्यावर बोलेन."

"घरच्यांनाही दाखवू या," असे म्हणून नसीमने गाडी गव्हाणकडे घेतली, आणि इथेच माझ्या हातून प्रमाद घडला. मी गाडीत बसून त्या दारी गेलो.

फाटकातून गाडी आत शिरताच हरेशची आई ओट्यावरून ओरडली, "आलं गुरुजी, आली गारी! वैशाली, तबक आण!" हरेशची पत्नी वैशाली तबक घेऊन धावली. आम्ही दारे उघडण्यापूर्वी आयेने ओवाळले, चाकाखाली लिंबू ठेवले गेले, पायरीवर नारळ फुटला आणि त्या पांढऱ्या शुभ्र गाडीच्या पुढच्या भागावर आयेने ठसठशीत कुंकवाचे स्वस्तिक काढले.

नसीम खाली उतरली ती कपाळाला हात लावूनच. "मावशी, थांबा! ही डेमोची गाडी आहे! विकायची नाही ही!"

"आता इकायची रायलीच नाय ना," आये शांतपणे म्हणाली. "कुंकू लावलेली गारी दारातून परत जात नाय."

हरेशला हसू आवरेना. "देवीनंच निवडली, गुरुजी! आता तुम्हीपण सुटलात, मीपण सुटलो."

रिवाजाप्रमाणे पहिला मान आयेचा होता. हरेशने दार उघडले. गाडीच्या दाराचा उंबरा उंच होता, म्हणून नसीमने एक कळ दाबली आणि गाडी चार बोटे खाली बसली. "बगा, मना वाकून नमस्कार करते!" आये म्हणाली, आणि सगळे हसले. हसण्याच्या गडबडीत तिने दाराची चौकट धरून पाय उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला. मग पदर सावरत म्हणाली, "आज संकष्टी हाय. उपाशीपोटी नव्या गारीत कोण बसतंय? उद्या बसन."

मी सकाळी पंचांग पाहूनच निघालो होतो. संकष्टीला अजून सहा दिवस होते.

नसीमला परतायचे होते. ती फडके शोधू लागली, तशी आये डोळे वटारून उभी राहिली. "राहू द्या मावशी, नाही पुसत," नसीम म्हणाली. "आमच्या शोरूमला बरकत येईल." चारच्या सुमारास दुसरी गाडी घेऊन येते, येणे नको वाटले तर फोन करा, असे सांगून ती कुंकवासह निघून गेली.

वैशालीने माझ्यासाठी तांदळाच्या भाकरी आणि वालाचे बिरडे केले होते. "आज चुलीला मासली लागली नाय, गुरुजी, निवांत जेवा," ती म्हणाली. त्या भाकरीचा मऊपणा आमच्या घाटावरच्या बाजरीला येणार नाही. संकष्टीचा उपास सांगणाऱ्या आयेने दोन भाकऱ्या माझ्यासमोरच खाल्ल्या. माझ्याकडे पाहून ती जराशी ओशाळली.

जेवणानंतर ओट्यावर आम्ही दोघेच होतो. मी विचारले, "ओवाळताना देवीपाशी काय मागितलंत?"

"काय मागायचा? यात बसंल तो सुखरूप घरा येवंदे, इतकाच."

"आणि तुम्ही कधी बसणार?"

तिने समोरच्या उंच इमारतींकडे बोट केले. तिथेच एकेकाळी त्यांचे मिठागर होते. "पोराला हौस हाय, गुरुजी. त्याचा मन नका मोडू. मी काय, फाटकापर्यंत त्याला पोचवीन. डोक्याव मिठाच्या टोपल्या वाहिल्या मी. पोत्यासारखी उचलून गारीत टाकलेली मना नाय चालायची."

"आणि मोऱ्याची बहीण?"

"तिच्याशी फोनवरच, जीव हाय तवर बोलत जाऊ."

आपल्या पायांविषयी गप्प राहण्यास तिने मला सुचवले होते आणि त्या शब्दाला मी बांधलेला होतो. परंतु हरेशने मला धर्मनिर्णय विचारला होता आणि तो देण्यास मी मोकळा होतो. मी त्याला हाक मारून सांगितले, "आयेने ओवाळले ते आत बसलेल्यांना. आपण तिघे सुखरूप आलो. तिचे मागणे फळले. वाहनाची पूजा संकल्पाने होते आणि संकल्प यजमानाने मी सांगितल्यावर करायचा असतो. तो झालेला नाही. कुंकवाने तू बांधला गेलेला नाहीस."

त्याचा चेहरा पडला. "गुरुजी, तुम्ही मला सोडवताय की अडकवताय?"

"दुसरी गाडी येऊ दे. पहिला मान आयेचा. ती ज्या गाडीत बसेल, तिची पूजा सांगेन. तिचा उपास आता सुटलाच आहे."

चार वाजता नसीम दुसरी गाडी घेऊन आली. या खेपेस मी बुद्धिपुरस्सर ओट्यावरच बसून राहिलो. या गाडीची मूठ आपण होऊन बाहेर आली नाही; हरेशला ती ओढावी लागली. छत साध्या पत्र्याचे होते, पण उंबरा बेताचा आणि आसन ओट्याइतक्याच उंचीचे होते. आये दाराशी आली, गाडीकडे पाठ करून उभी राहिली आणि ओट्यावर टेकावे तशी आसनावर टेकली. मग एक पाय आत घेतला, मग दुसरा. कोणाचाही हात न घेता तिने दार ओढून लावले.

हरेश त्या बंद दाराकडे पाहत होता. जेवणाआधी दोनदा उचललेला आणि दोनदा खाली ठेवलेला पाय त्याला आत्ता दिसला असावा. काच खाली झाली आणि आतून आवाज आला, "काय बगतंस? मोऱ्याला चल!"

गव्हाणहून मोऱ्याचा रस्ता मोठमोठ्या कंटेनरच्या गाड्यांतून जातो, पण उरण मागे पडले की खाडीचा आणि सुकटीचा वास येऊ लागतो. मुंबईहून आलेली लाँच जेट्टीला लागत होती. आये स्वतः उतरली आणि भिंतीला हात लावत बहिणीच्या दारापर्यंत गेली. आतून एक अतिशय वृद्ध स्त्री काठी टेकत आली, तिने आयेला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाली, "आलीस? मना वाटला तू माझ्या तेराव्यालाच येशील."

"तेराव्याला कोण येतंय? जेवान चांगला नसतो तुमच्याकडं!"

मग दोघी एकमेकींना धरून इतक्या हसल्या की जाळे विणणारा शेजारी काम टाकून पाहू लागला. हरेश माझ्याजवळ उभा होता. "काचेचं छत छान होतं पण, गुरुजी," तो म्हणाला. मी म्हणालो, "फारच छान होते." तो आमच्याबरोबर आलेल्या नसीमकडे वळला. "हीच लिहून घ्या. रंग आयेला विचारा."

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने घाट चढताना मी विचार करीत होतो. वाहन म्हणजे वाहून नेणारे, हे मी विद्यार्थ्यांना असंख्य वेळा सांगितले. कोणाला, हे विचारायचे मात्र राहूनच गेले होते. ते मला मिठाच्या टोपल्या वाहिलेल्या एका बाईने शिकवले, याबद्दल मी त्या जगन्मातेचा ऋणी आहे.

दीड महिन्याने हरेशचा फोन आला. गाडी आली होती, पण पूजा व्हायच्या आधीच आये तीनदा मोऱ्याला जाऊन आली होती आणि आताही तिकडेच गेली होती. तो संकोचून विचारत होता, "गुरुजी, काही दोष तर नाही ना? मुहूर्त कधीचा धरू?"

मी पंचांग उघडले आणि पुन्हा मिटले. म्हणालो, "तिला सवडीने परत येऊ दे. मग पाहू."