दुधाची अळंबी

राजगुरुनगरच्या पुढे, डोंगराकडच्या जंगलात, ती अळंबी आधी मला दिसली. कुजलेल्या पाल्यातून वर आलेली, विटकरी रंगाची, टोपीला मधोमध खळगा. मैत्रीण पुढे निघून गेली होती, मीच तिला हाक मारून मागे बोलावलं. आम्ही दोघी पिंपरीतल्या एकाच शाळेत विज्ञान शिकवायचो आणि पावसाळ्यातले रविवार जंगलात घालवायचो. गाडी तिचा नवरा चालवायचा. त्याला अळंब्यांचं काही नव्हतं, तो गाडीतच पाय लांब करून झोपायचा.

ओळख पटवताना आमची चांगलीच दमछाक झाली. देठ वाकवला की खडूसारखा कट्‌कन मोडायचा, आत धागा म्हणून नाही. टोपीखालच्या पातळ पडद्यांना नख लावलं की पांढरं दूध पाझरायचं. हवा लागून दुधाचा रंग बदलतो का, हे बघायला आम्ही चिखलात उकिडव्या बसून राहिलो. पांढरं ते पांढरंच. मग उरली चव. थेंब जिभेच्या टोकाला लावायचा आणि लगेच थुंकायचा.

"तू घे बाई, मला लेकरं आहेत," ती म्हणाली. म्हणजे मी मेले तर चालणार होतं! तरी मी हसत हसत घेतली. आधी काहीच लागलं नाही, मग मिरी चावल्यासारखी जीभ भाजत गेली. मी चुळा भरत सांगत होते आणि ती फोनवर टिपून घेत होती. त्या दिवशी ती मला सख्ख्या बहिणीसारखी वाटली.

हिवाळ्यात तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तिचा अळंब्यांवर कार्यक्रम झाला. मी पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर आमची अळंबी आली, ती धरणारा हात माझा, नखाला दूध लागलेलं. "जीव मुठीत धरून चाखली," असं सांगून तिने चव वर्णन केली, मिरीसकट. टाळ्या पडल्या. आता माझं नाव घेईल, मग घेईल, म्हणून मी ओढणी सारखी करून उठायच्या तयारीत होते. आभार मानले ते नवऱ्याचे. मला फसवल्यासारखं वाटलं नाही, फसवलंच होतं.

नंतर चहाचा कप घेऊन ती माझ्याकडे आली. "कसं झालं गं? फार खपलो आम्ही या अळंबीसाठी."

माझ्याशी बोलताना आम्ही! 'आपण' एवढं जरी म्हणाली असती, तरी मी बाकीचं सगळं गिळलं असतं.

"आम्ही म्हणजे कोण गं?" मी विचारलं.

"मी आणि हे," ती म्हणाली, आणि बिस्किटांची बशी माझ्यापुढे केली.