सहलीला न नेलेला सदस्य

ती घटना आजही आठवते, कारण अपहरणाच्या तपासात हाती रुसवा लागला, असं माझ्या नोकरीत तेवढं एकदाच झालं.

भोकरदन तालुक्यात तेव्हा माझी नेमणूक होती. पंचायत समितीच्या सभापतिपदाची निवडणूक तोंडावर होती आणि दोन्ही गटांचं बळ जवळपास सारखं. अशा वेळी सदस्य फुटू नयेत म्हणून नेते त्यांना गाडीत घालून लांबच्या हॉटेलात नेऊन ठेवतात. आमच्याकडे याला 'सहल' म्हणतात. सत्ताधारी गटाची सहल गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच खबऱ्याचा फोन आला, "साहेब, अण्णाला विरोधकांनी उचललं."

अण्णा म्हणजे सत्ताधारी गटाचे सर्वांत जुने सदस्य. त्या गटाचे नेते, त्यांना भाऊ म्हणू, लगोलग ठाण्यात हजर. गुन्हा दाखल करा म्हणाले. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि विरोधी नेत्याच्या ड्रायव्हरला चौकशीला बोलावलं. टेबलावर काठी आपटली. तो घाबरायचं सोडून हसला.

"अण्णाला कशाला उचलू साहेब? ते फुटतच न्हाईत. त्यांना फोनबी करत न्हाई कुणी."

काठी मी हळूच कोपऱ्यात ठेवली.

मग अण्णांचं घर गाठलं. नवरा बेपत्ता, आणि वहिनी रडायच्या सोडून चिडलेल्या. हे माझ्या ध्यानात यायला एक कप चहा संपावा लागला. घरी बायको चिडल्याचं कळायलाही मला तेवढाच वेळ लागतो.

"सोबत काय नेलं त्यांनी?"

"बॅग. कधीची भरून ठेवल्ती. इस्त्रीचे कपडे, नवा टॉवेल, गॉगलबी घेतल्ता. बलावतेल म्हणून दारात बसून राह्यले. गाडी आली, गल्लीतल्या नव्या मेंबरला घेतलं अन् गेली. तो आत्ता कुठं तिकडून फुटून इकडं आला. त्याला हॉटेल, अन् ह्यांना गाडीतून नुसता हात हलवला."

उचलून नेलेल्या माणसाचा गॉगल घरीच राहतो. "लेक कुठं दिलीय?" मी विचारलं. "बदनापूरला," म्हणाल्या आणि पातेलं आपटलं.

अण्णा जावयाच्या पलंगावर सापडले. "मीबी सहलीला आल्तो," म्हणाले. स्वखुशीने आलो, असा जबाब दिला. सही करताना पुटपुटले, "त्या फुटक्याला राखायला चार माणसं. मला एकबी न्हाई."

मला ते पटलं. दंगल झालेल्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला शाबासकी मिळते आणि माझ्या शांत ठाण्याकडे कुणी फिरकत नाही, यावरून मीही वर्षानुवर्षं जळलोय.

अण्णांना घेऊन ठाण्यात आलो. भाऊ धावत आले. दोन शब्द प्रेमाने बोलले असते तर काम झालं असतं. पण अण्णांच्या खांद्यावर थाप मारून ते मला म्हणाले, "साहेब, तुम्हाला उगाच तकलीफ. अण्णाचं बिलकुल टेन्शन न्हाई, घरचाच माणूस हाय." तेवढ्यात नव्या मेंबरचा फोन आला, आणि भाऊ लाडाने बोलत बाहेर गेले.

अण्णांचा चेहरा मी पाहिला. मत कुठे जाणार ते मला तिथेच कळलं. भाऊंना ते सभागृहात हात वर झाल्यावर कळलं. विरोधकांच्या बाजूने सर्वांत आधी वर झालेला हात अण्णांचा होता, आणि त्या एका हाताने सभापतिपद गेलं.

फुटू शकणाऱ्याची मिनतवारी सगळे करतात. जो जाणार नाही, त्याला 'तू आपलाच' एवढ्यावर भागवतात. तेव्हापासून हा शब्द मी जपून वापरतो. बायकोचं म्हणणं तरीही वेगळं आहे. तिचा जबाब मात्र मी अजून नोंदवलेला नाही. तेवढी हिंमत सेवेत असतानाही नव्हती.