दीपेशच्या घरची हळद

बोर्लीच्या कोळीवाड्यात दीपेशच्या भाचीची, किशोरीची हळद होती आणि दीपेश काशीदच्या किनाऱ्यावर परक्यांच्या लग्नाचा साउंड सांभाळत होता. मुहूर्त सगळ्यांचे एकच. घरी मांडव पडायचा त्या दिवशी तो हमखास दुसऱ्याच्या मांडवात. सख्ख्या भावाचं लग्नही त्याने मोबाइलवरच पाहिलं होतं.

काम त्याला आवडायचं. मोकळ्या वाळूवर स्पीकर उभे राहिले आणि पहिला ठोका छातीत घुमला, की अजूनही अंगावर काटा यायचा. पण खारा वारा वायरींच्या पिना खायचा, आणि सगळं नीट वाजलं तर त्याच्याकडे कोणी बघायचंही नाही.

त्याची आई केसर गावची धवलारीण. लग्नात धवले गाऊन देवांना बोलवायचं तिचं काम. माइक तिने कधी हातात धरला नाही. "देव काय बहिरं हायेत?" म्हणायची. आता तिला दम लागायचा. किशोरीच्या हळदीनंतर गाणार न्हाय, असं तिने सांगूनच टाकलं होतं.

म्हणून दीपेशने बहिणीला, कल्पिताला बजावलं होतं, "आये गायला बसली की फोन लाव आणि तिच्यापुढं ठेव."

फोन आला तेव्हा काशीदला नाच रंगात आला होता. त्याने फोन मिक्सरला जोडून आवाज फक्त आपल्या हेडफोनमध्ये घेतला, आणि इथला दणदणाट मांडवात जाऊ नये म्हणून आपल्या बाजूने म्यूट केला.

आई गात होती. मध्येच थांबली.

"दीपेश, येतंय का रं ऐकायला?"

म्यूट काढला तर इथला दणदणाट मांडवात गेला असता.

"कल्पे, ह्यो बोलत न्हाय. बंद हाय तुझा फोन."

"चालू हाय, आये. तू गा ना."

"त्यो हाय का न्हाय ते कळू दे आधी."

दीपेशने नाचणाऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि सगळा आवाज खाली ओढला. एकाएकी लाटा ऐकू आल्या. त्याने म्यूट काढला.

"हाय, आये. गा."

लगेच म्यूट केलं, आवाज वर नेला. कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी हेतल धावत आली. "दीपेशभाई, काय झालं?"

"केबल हलली, मॅडम."

कानात धवले पुन्हा सुरू झाले. दोन-चार ओळी झाल्या असतील, तोच हेतलने हात वर केला. नवरानवरी येत होते. त्यांचं गाणं नेमक्या जागी लावायचं तर ते आधी हेडफोनमध्ये ऐकावं लागतं. दीपेशने बटण दाबलं. कानात आईच्या जागी ते गाणं आलं.

तिकडे ती गात राहिली, तो ऐकतोय असं समजून.