आरशाशेजारची सुपारी

प्रयोगशाळेत आले की आमचे जुने तंत्रज्ञ आधी टेबलावर पालथा तळहात ठेवून डोळे मिटत. लालबागच्या गिरणीत त्यांचे वडील यंत्राची थरथर अशीच ओळखत. "श्वास हळू सोडा, बाई. अणू बिचकतात," ते मला बजावत. शाळेतली नोकरी सोडून मी तिथे नोंदी ठेवायला गेले होते; पहिला आठवडाभर मी खरोखर हळू श्वास सोडला.

प्रयोग नीट समजून घ्या. दोन पेट्यांत एकेक अणू. प्रत्येकाने प्रकाशाचा एक कण सोडायचा. ते कण एका अर्धपारदर्शक आरशावर भेटतात. कोणता कण कोणाचा हे ओळखता आले नाही आणि आरशापलीकडे कण टिपणाऱ्या दोन्ही शोधकांवर एकदम नोंद झाली, तर कधीही न भेटलेले ते अणू परस्परांत गुंततात. नव्या तऱ्हेचा संगणक अशा गुंत्यावर चालायचा आहे.

"सोयरीकच ही," आरसे जुळवणारे हे गृहस्थ म्हणत. "फक्त मुलाकडचे कोण, मुलीकडचे कोण, कळता कामा नये."

त्यांच्या निवृत्तीला चार दिवस उरले, तरी सोयरीक जुळेना. "न बघताच घरी गेलो तर बायको विचारेल, इतकी वर्षं आरसेच पुसलेत काय?"

सकाळी जुळवलेला आरसा दुपारी हललेला असे. कारण आम्हा दोघांनाही दिसले. 'टेबलास स्पर्श करू नये' अशी पाटी लावणारे आमचे प्रमुख आकडे वाचताना आरशाशेजारीच कोपर टेकत.

"सरांना सांगायचं कसं?" मी विचारले.

"सांगायचं कशाला?"

दुसऱ्या दिवशी त्या जागी कुंकू लावलेली सुपारी होती.

"हे काय?" सर कडाडले.

"गणपती, सर. शुक्रवारपर्यंत राहू द्या."

"माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर."

"नसू दे ना, सर. त्याची काही तक्रार नाही."

दुपारी सरांचे कोपर सवयीने निघाले, सुपारीवर क्षणभर अधांतरी थांबले आणि मुकाट्याने परतले. गुरुवारी दोन्ही शोधकांवर एकदम नोंद झाली. मग पुन्हा, मग पुन्हा. तंत्रज्ञांनी माझ्याकडून ती नोंद दोनदा वाचून घेतली. "जुळली हो, बाई," एवढेच म्हणाले आणि स्वच्छ असलेला चष्मा पुसत बसले.

शुक्रवारी ते शाल-श्रीफळ घेऊन गेले. सुपारी मात्र तिथेच राहिली.

परवा नव्या तंत्रज्ञाने ती उचलू पाहिली. "हात लावू नका! तिच्यामुळेच जुळतं," सर ओरडले. विधान तपासले, चूक सापडली नाही, म्हणून मी गप्प राहिले.

सकाळी टेबलावर तळहात मात्र आता कोणी ठेवत नाही.