पानांतलं तेल

लामदुआन त्या मळ्यावर आली तेव्हा तिथे मळा नव्हताच. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला बर्माचे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नुसती नांगरलेली लाल माती. ती आणि तिचा नवरा खामपन ईशान्येकडच्या इसान भागातल्या यासोथोनहून नुकतंच लग्न करून, ट्रकच्या मागच्या फळीवर बसून आले होते. पहिली रोपं त्या दोघांच्या हातची.

झाडाचं नाव प्लाव-नोय. पूर्वी ते रानात आपोआप उगवायचं आणि पोटात जळजळ झाली की जुनी माणसं त्याचा काढा द्यायची. त्या काढ्यात नेमका गुण कशाचा, ते जपानी लोकांनी शोधून काढलं. त्या द्रव्याला प्लाउनोटॉल म्हणतात. मग एका कंपनीने इथे नजर पोचणार नाही एवढी झाडं लावली. झाडाला उंच होऊ द्यायचं नाही, छाटत राहायचं आणि शेंड्याची पानं तोडायची. द्रव्य शेंड्याच्या पानांत जास्त असतं. पान जून झालं की त्यातला जीव कमी होतो. लामदुआनला एवढं ठाऊक होतं आणि तोडणीला तेवढं पुरत होतं. खामपन वाळवणीच्या भट्टीवर होता. तो घरी आला की त्याच्या अंगाला त्या पानांचा वास यायचा, आणि शेजारची सांगविअन म्हणायची की उकळत्या पाण्यात घातलं तर या माणसाचाच काढा होईल.

सांगविअन फेचबुरीची. तिची जीभ गोड आणि तिखट, दोन्ही. ती लामदुआनला म्हणायची, "तुम्ही इसानची माणसं! आंबवलेल्या मासळीशिवाय तुमचा घास उतरत नाही. तुझ्या मडक्याचं झाकण उघडलं की माझं कुत्रं जेवण सोडून पळतं." आणि संध्याकाळी स्वतःच वाटी घेऊन यायची.

अशी वर्षं गेली. मुलगी झाली, नुआनचान. ती मोठी झाली आणि समुत साखोनला मासळीच्या कारखान्यात लागली. झाडं छाटली जात होती, फुटत होती. सांगण्यासारखं फारसं काही घडत नव्हतं, आणि लामदुआनची काही तक्रार नव्हती.

मग एका सकाळी खामपन उठलाच नाही.

आदल्या दिवशी तो कामावर होता. रात्री पोटभर जेवला, भात मऊ झाला म्हणून कुरकुरला आणि झोपला. आजार नाही, ताप नाही. इसानच्या धडधाकट पुरुषांना असं मरण येतं हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं. विधवेचं भूत येऊन झोपेत घेऊन जातं म्हणतात. मजुरांच्या खोल्यांपुढे कितीतरी दिवस लाल सदरे टांगलेले होते, कारण लाल सदरा दिसला की या घरात पुरुष नाही असं भूत समजतं म्हणे. लामदुआन कामावर जाता-येता ते वाऱ्यावर हलणारे सदरे बघायची. तिला राग आला नाही, भीती वाटली नाही. देवळात भिक्षूंचं पठण झालं, चितेला अग्नी दिला, लोक जेवून गेले. तिने भांडी घासली. नुआनचान तिच्या गळ्यात पडून रडली तेव्हा ती मुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मनात म्हणाली, ही किती वाळली आहे.

दुसऱ्याच आठवड्यात ती तोडणीला गेली. हात चालत होते. गोणी भरत होती. कुणी काही विचारलं तर ती उत्तर देत होती. सांगविअनने एकदा तिला हलवून विचारलं, की बाई, तू जेवतेस का? ती म्हणाली, हो. आणि खरंच ती जेवत होती. चव तेवढी लागत नव्हती.

पावसाळा सरला आणि मुकादमाने सगळ्यांना भट्टीच्या आवारात बोलावलं. मळा बंद होणार होता. पानांना आता मागणी राहिली नव्हती. झाडं काढून तिथे अननस लावणार. ज्यांना काम हवं त्यांना झाडं काढायचं काम मिळेल, पुढे अननसाचंही मिळेल. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हातारा मोठ्याने काहीतरी म्हणाला. लामदुआनने हात वर केला आणि आपलं नाव दिलं.

झाडं काढायला सुरुवात होण्याच्या आधी प्रयोगशाळेतली ओरताय तिला भेटायला आली. ही पोरगी पानांचे नमुने न्यायला यायची आणि जाताना लामदुआनच्या ओसरीवर बसून पपईची कोशिंबीर खायची. आता तिला बँकॉकला नोकरी मिळाली होती. तिने पिशवीतून बोटाएवढी काचेची कुपी काढली. तळाशी जरासं फिकट पिवळं तेल होतं.

"मावशी, हे कधी बघितलंत?"

"काय आहे?"

"हेच ते. तुमच्या पानांतलं."

लामदुआनने कुपी आडवी केली. तेल काचेवरून सावकाश सरकलं. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की ती पांढरी पूड असणार.

"एवढंच?"

"एवढ्यासाठी पानांचा ढीग लागतो."

"आणि आता कुणाला लागत नाही."

"दुसऱ्या गोळ्या निघाल्या, मावशी. त्या कारखान्यात होतात, झाड लागत नाही. डॉक्टर त्याच देतात." ओरतायने कुपीकडे बोट केलं. "याच्यात काही खोट निघाली म्हणून नाही. याचा गुण होता तसाच आहे."

लामदुआनने मान हलवली. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. ती जरा वेळ वाट बघत बसली. काही वाटलं नाही. तिने कुपी परत दिली.

"नुआनचानच्या बाबांना दाखवायला हवी होतीस," ती म्हणाली, मीठ संपलंय म्हणावं तशी.

ओरतायचे डोळे भरले. लामदुआनने तिच्यापुढे कोशिंबिरीची ताटली सरकवली आणि खा म्हणाली.

काम सुरू झालं. बुंध्याला साखळी बांधायची, ट्रॅक्टर ओढायचा, झाड मुळासकट यायचं. साखळी बांधायचं काम लामदुआनकडे होतं. कुठली रोपं आपण लावली, कुठली दुसऱ्यांनी, हे आता ओळखू येत नव्हतं आणि तिने ओळखायचा प्रयत्नही केला नाही. वाकायची, साखळी बुंध्याला वेढायची, आकडा अडकवायची आणि बाजूला व्हायची. झाड सुटताना मातीतून फाटल्यासारखा आवाज यायचा. पहिल्या दिवशी बायका दचकत होत्या, मग कुणी दचकेनासं झालं.

काढलेली झाडं वाळल्यावर ढीग करून पेटवली. पानांत तेल असल्यामुळे की काय, धूर दाट आणि उग्र उठला. सगळे खोकत होते, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लामदुआनच्याही. सांगविअन तिच्याजवळ येऊन उभी राहिली. तिने तोंडावरचं फडकं खाली केलं.

"रडून घे आता," ती हळूच म्हणाली. "धूर आहे. कुणाला कळायचं नाही."

लामदुआनने डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले.

"येत नाही गं," ती म्हणाली.

सांगविअन तिचा हात धरून उभी राहिली, आणि मुकादमाने हाक मारल्यावर दोघी पुढच्या ढिगाकडे गेल्या.

नुआनचान दर रविवारी फोन करायची. आई, इकडे ये, म्हणायची. खोली लहान आहे पण दोघींना पुरेल. लामदुआन हं म्हणायची. जायचं की नाही ते ठरत नव्हतं, कारण ठरवायला जे लागतं ते तिच्याजवळ नव्हतं. तेवढ्यात अननसाची लावण निघाली आणि ती लावणीला गेली.

अननसाची पात हाताला कापते. कोपरापर्यंत जाड बाह्या घालाव्या लागतात, उन्हात अंग शिजतं. सुरुवातीला तिच्या ओळी वाकड्या जायच्या. नवा मुकादम बोलायचा, ती पुन्हा लावायची.

एका दुपारी सगळ्याजणी ताडाखाली जेवायला बसल्या होत्या. सांगविअन आपल्या नवऱ्याचं सांगत होती. तो सकाळी गावच्या मुखियाकडे गेला होता. मुखियाच्या ओटीवरचा भोंगा सूचना देऊन झाल्यावर चालूच राहिला होता, आणि हे दोघांनाही माहीत नव्हतं. बायकोच्या कालवणात मीठ कसं नसतं, मासा कसा कच्चा असतो, हे त्याचं सगळं बोलणं गावाने ऐकलं. "मी चुलीपुढे उभी होते," सांगविअन म्हणाली. "कढईच उचलली आणि तशीच मुखियाकडे गेले. म्हटलं, खा आता, भोंग्यासमोर खा, आणि गावाला सांग कसं झालंय. मेला खाल्ल्यावर काय म्हणतो माहीत आहे? मीठ बरोबर आहे, पण आज हे कालवण रांधलं कुणी?"

लामदुआन हसली.

हसू मोठं नव्हतं, पण आवाज आला. तो तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. बायकांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि मग शहाणपणाने दुसरीकडे बघितलं. तिने भाताचा गोळा दाबला, कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. तिखट लागलं. नाकाला पाणी सुटेल इतकं तिखट.

उन्हं कलल्यावर घरी येऊन तिने हातपाय धुतले आणि नुआनचानला फोन लावला. आजवर फोन नेहमी मुलीकडूनच यायचा. लामदुआनने आपणहून एकदाच लावला होता, खामपन उठला नाही त्या सकाळी.

"आई? काय झालं?" मुलीचा आवाज घाबरलेला होता.

"काही नाही. जेवलीस का?"

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"अजून नाही," नुआनचान म्हणाली. "तू?"

"आता बसते." लामदुआन ओसरीच्या फळीवर टेकली. फोन ठेवावा असं तिला वाटलं नाही. "सांगविअनच्या नवऱ्याने आज काय केलं, सांगू का," ती म्हणाली, आणि भोंग्याची हकिगत पहिल्यापासून सांगायला लागली.