यादीतलं सव्विसावं खोकं

हॉस्पिटलात सगळे त्यांना वायरवाले म्हणत. खरं तर वायरींना ते महिनोन्महिने हात लावत नसत. जिन्याखालच्या खोलीत बसून ते इमारतीतल्या सव्वीस स्विचवर लक्ष ठेवत. स्विच म्हणजे फोन, कॉम्प्युटर आणि पेशंटच्या उशाशी लटकणाऱ्या बेल एकमेकांना जोडणारी खोकी. हे प्रत्येकाला समजावत बसायचं म्हणजे अख्खी दुपार गेली. त्यापेक्षा वायरवाले काय वाईट, असं ते म्हणत.

वर्षातून दोनदा, रविवारी दुपारी दोन वाजता, जनरेटरची चाचणी व्हायची. वीज जायची, यायची आणि सगळी खोकी नव्याने सुरू व्हायची. सगळी एकदम उठली तर एकच गोंधळ उडायचा, म्हणून कॉन्फिगरेशनच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी रांग लावून दिली होती. पडद्यावर सव्वीस ओळी. राखाडी म्हणजे बंद, पिवळी म्हणजे उठतंय, हिरवी म्हणजे कामाला लागलं. पहिलं ऑपरेशन थिएटर, मग अतिदक्षता विभाग, मग बाकीचे. सगळ्यात शेवटी, अकराव्या मिनिटाला, तिसऱ्या मजल्यावरचा म्हाताऱ्या माणसांचा वॉर्ड. ही रांग त्यांनी आठ वर्षांपूर्वी कँटीनमध्ये चहा पिता पिता ठरवली होती. तो वॉर्ड शेवटी का, तर तिथून कधी कुणी तक्रार करायचं नाही. आणि अकरा मिनिटांचं काय सांगत बसायचं, म्हणून वॉर्डात कळवलंही नव्हतं.

मागच्या चाचणीच्या वेळी त्याच वॉर्डात, नऊ नंबरच्या कॉटवर, त्यांचे वडील होते. छातीत पाणी झालं होतं, पण आता उतार पडला होता. बुधवारी घरी सोडणार होते. "येताना दाढीचं सामान आण," सकाळीच वडिलांनी त्यांना बजावलं होतं, "या अवतारात नेलंस तर सूनबाई दार उघडायची नाही." दुपारी सव्विसावी ओळ हिरवी झाली आणि तीन मिनिटांनी वरून फोन आला. वडील गेले होते. बेलचं बटण गादीवर पडलं होतं, बोटांपासून वीतभर लांब. बटण हातात नाही म्हणजे त्यांनी ते दाबलंच नसणार, झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले.

नातेवाईक जमेपर्यंत वायरवाले खाली येऊन, कुठली बेल कधी वाजली ते टिपणारी खोक्याची नोंदवही पडद्यावर उघडून बसले. नोंद सुरू होत होती ती खोकं उठल्यापासून. त्याआधीचं काहीच नव्हतं. बंद खोकं लिहिणार काय? हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी ती तीनदा पाहिली.

मग सहा महिने गेले. ते रडले नाहीत. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला! त्यांना काही वाटतच नव्हतं. समोरच्या चहावर साय धरायची. बायको दोनदा बोलायची तेव्हा एकदा ऐकू यायचं. दाढीचं सामान पिशवीत होतं तसंच कपाटात राहिलं, आणि रोज त्याच कपाटातून ते शर्ट काढत. ताई मात्र फोनवर दर वेळी विचारायची, "बाबांनी बेल वाजवली असेल का रे?"

"नाही गं. झोपेतच गेले," ते सांगत. तिला खोटं सांगतोय की खरं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

पुन्हा तो रविवार आला. सकाळी प्रोग्रॅम उघडून त्यांनी सव्विसावं खोकं वर सरकवलं. लहान मुलांचा वॉर्ड तळाला आला. तो उचलला, तर डायलिसिस तळाला गेलं. ते उचललं, तर बाळंतिणी. तासभर हाच उद्योग चालला होता. शेवटी त्यांनी सगळं होतं तसं ठेवलं आणि तिसऱ्या मजल्यावर गेले.

इनचार्ज सिस्टर औषधांची ट्रॉली लावत होत्या.

"सिस्टर, दोन वाजता तुमच्या बेल अकरा मिनिटं बंद राहतील. दर चाचणीला राहतात."

"दर चाचणीला? आम्हाला कधी कुणी बोललं नाही."

"मीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

सिस्टरांचा हात ट्रॉलीवर थांबला. "त्या दिवशीही?"

"हो."

दोन नर्सना बोलावून सिस्टरांनी कॉटी वाटून दिल्या आणि एक स्टूल वायरवाल्यांपुढे सरकवलं. "नऊ तुम्ही बघा."

नऊ नंबरवर आता एक वाळकुडे आजोबा होते. दिवे गेले, आले. वायरवाल्यांच्या हातातल्या टॅबवर ओळी एकेक करून हिरव्या व्हायला लागल्या. ते पायथ्याशी बसले होते. आजोबांचे डोळे मिटलेले. पाचव्या मिनिटाला आजोबांचा हात चाचपडत बटणापाशी गेला. त्यांनी ते दाबलं. त्यावरचा लाल ठिपका लागला नाही. थोडं थांबून त्यांनी पुन्हा दाबलं, या वेळी अंगठ्याने, जोर लावून. मग कुणाला उगाच त्रास दिला असं वाटल्यासारखं त्यांनी बटण हळूच गादीवर ठेवलं आणि हात मागे घेतला. बटण बोटांपासून वीतभर लांब राहिलं.

वायरवाले त्या वीतभर चादरीकडे बघत राहिले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या छातीत काहीतरी हललं, आणि ते फार दुखलं.

"काय हवंय आजोबा?"

आजोबांनी डोळे उघडले. "पाणी. बेल ऐकू आली होय तुम्हाला?"

"नाही," वायरवाले म्हणाले. "बेल बंद होती."

त्यांनी आजोबांची मान उचलून पेला ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून ओघळलं, ते त्यांनी आपल्या बाहीने पुसलं. दाढीचे खुंट वाढलेले होते. टॅबवर सव्विसावी ओळ पिवळी झाली, मग हिरवी. त्यांनी टॅब पालथा ठेवला, खिशातून फोन काढला आणि ताईचा नंबर लावला.